ओव्हनमधली हेडलाइट

हेडलाइट बदलायला गॅरेज कशाला? घरात ओव्हन आहे की! केक कधी धड फुगला नाही, पण हेडलाइट शेकली की सीलंट सुटतं. आत काळा रंग, ‘एंजल आय’च्या रिंगा. परत चिकटवताना एक कोपरा उघडा राहतोच. पहिल्याच पावसात आत मत्स्यालय.

वर ६०/५५ वॅटचा हॅलोजन काढून पांढराफेक एलईडी. रिफ्लेक्टर घडवलेला हॅलोजनच्या तारेच्या मापाने. मग उजेड रस्ता सोडून झाडांवर आणि ताम्हिणी घाटात समोरच्या एसटी ड्रायव्हरच्या डोळ्यांत. मालक खूश: “फोकस बघा!”

केंद्रीय मोटार वाहन नियम १०६ सांगतो, आठ मीटरवरच्या माणसाचे डोळे दिपू नयेत. तेव्हा भाऊसाहेब, ओव्हनमध्ये नानकटाईच भाजा आणि घाटात डिपर मारा.