मस्टर कुणाच्या कपाटात?

लोअर परळच्या कुठल्याही काचेच्या इमारतीत सध्या माणसं मोजण्याचं काम जोरात आहे. मोजणाऱ्यांची भाषा ऐकावी. माणूस नोकरी सोडून गेला की ‘अ‍ॅट्रिशन’. जाईल अशी नुसती शंका आली की तो ‘फ्लाइट रिस्क’. दांड्या वाढल्या की ‘अ‍ॅब्सेंटीइझम’. हाताला काम नाही तो ‘बेंच’वर. ही सगळी टक्केवारी रंगीत चौकोनांत बसवली की झालं ‘पीपल अ‍ॅनालिटिक्स’. ही विद्या परवा-परवा अमेरिकेत जन्मली, असं या मंडळींना मनापासून वाटतं. कॉफी प्यायला ती खाली उतरतात ते आवार एका गिरणीचं होतं, एवढं त्यांना पाटीवरून कळतं.

त्या गिरण्यांमधली माणसं शंभर वर्षांपूर्वीच मोजून झाली आहेत. मुंबई सरकारचं लेबर ऑफिस १९२१ साली निघालं. त्याच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये गिरण्यांतली गैरहजेरी टक्क्यांत छापून येई. फिंडले शिरास या साहेबाने कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा करून १९२३ मध्ये अहवाल काढला. त्यात निघालं असं, की कामगाराच्या पोटात जाणारं धान्य मुंबईच्या तुरुंगात कैद्याला ठरवून दिलेल्या शिध्यापेक्षा कमी आहे. आकडा पक्का होता. मालकांच्या झोपेवर त्याचा परिणाम झाल्याची नोंद मात्र गॅझेटात नाही.

आणि अंदाज वर्तवायचा तर जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, होताच. शिमग्याला कोण कोकणात पळणार, गणपतीला गेलेला भातकापणी उरकूनच उगवणार का, कुणाच्या डोक्यावर पठाणाचं कर्ज आहे, हे त्याला तोंडपाठ. ‘फ्लाइट रिस्क’ची यादी तो खिशात नव्हे, डोक्यात ठेवी. भरती त्याच्या हातात आणि दस्तुरी त्याच्या खिशात, एवढा एक दोष. (आजचं सॉफ्टवेअर दस्तुरी घेत नाही, वर्षाची वर्गणी घेतं.)

जॉबरचा हात आखडावा म्हणून मालकसंघाने १९३५ मध्ये बदली कामगारांची कार्डं काढली. महिन्याच्या पहिल्या तारखेला निवडक लोकांना कार्ड मिळे. कार्डवाल्याने रोज सकाळी गिरणीवर हजर व्हायचं. आत कुणी गैरहजर असला तर काम, नसला तर घरची वाट. माणसाला कायम न करता कायमचं हाताशी ठेवायची इतकी स्वच्छ पद्धत नंतर कुणाला सुचली नाही. म्हणून तीच आज कंत्राटाच्या नावाने चालू आहे. सेबीने शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना दरवर्षी एक अहवाल सक्तीचा केलाय. त्यात किती टक्के माणसं सोडून गेली ते सांगावं लागतं, पण कायम नोकरीवाल्यांपैकी. कंत्राटी पोरगा किती वेळा आला नि गेला, ते त्या रकान्यात विचारलेलंच नाही. बदलीवाला तेव्हाही दाराबाहेर, आताही रकान्याबाहेर.

पण मला खरी मौज वाटते ती पुढे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर आली, गिरण्या गेल्या, टॉवर आले. मग म्हाडाच्या घरांसाठी गिरणी कामगारांकडून अर्ज मागवले. अट अशी की १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर आपण गिरणीत कामाला होतो, हे कामगाराने सिद्ध करायचं. तिकीट नंबर आणा, लाल पास आणा, पीएफचा नंबर, हजेरीपत्रक, लीव्ह रजिस्टर आणा. म्हणजे ज्याची हजेरी रोज गिरणी लिहून घेत होती, त्यानेच गिरणी बुडाल्यावर त्या हजेरीचा पुरावा द्यायचा! लालबागच्या चाळींतून म्हातारी माणसं पत्र्याच्या ट्रंका उपसत बसली. ज्याच्या ट्रंकेत कागद निघाला तो कामगार. ज्याचा कागद गावच्या घरात पावसाने गेला तो कोण?

आता जमाना बदललाय, कायदा आलाय, असं कुणी म्हणेल. आलाय. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा, २०२३ चा. त्याचं कलम ७ सांगतं, नोकरीच्या कारणासाठी मालकाला तुमची माहिती तुमच्या संमतीशिवाय वापरता येईल. आणि ‘माझी कुठली माहिती ठेवलीत ते दाखवा’ म्हणण्याचा कलम ११ मधला हक्क कुणाला? ज्याने संमती दिली त्याला. तुमची तर संमती कुणी मागितलीच नव्हती. बसा!

तेव्हा वातानुकूलित मजल्यावरच्या बंधू-भगिनींनो, ‘फ्लाइट रिस्क’च्या यादीत तुमच्या नावापुढे लाल ठिपका आहे की हिरवा, ते एचआर सांगणार नाही. निदान पगाराच्या स्लिपा, नेमणुकीचं पत्र आणि पीएफचा नंबर कंपनीच्या पोर्टलवर न ठेवता घरी कागदावर ठेवा. पोर्टल नोकरीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतं.