बसवून घेणारा

बाजारातून आणलेला सुटा भाग मोटारीला जसाच्या तसा बसला की ज्याचा चेहरा उतरतो, तो बसवून घेणारा. हार्बर मार्गावरच्या कॉटन ग्रीन स्टेशनच्या आसपास, म्हणजे काळाचौकी, अभ्युदयनगर, घोडपदेव ते थेट रे रोडपर्यंत, हे वाण चांगले जोम धरते. वय तिशी ते पंचेचाळिशी, नोकरी बँकेत नाहीतर विमा कंपनीत, आणि गाडी बहुतेक वेळा जॅकवर. इंजिनात काय, कोणीही हात घालतो, असे त्याचे मत असते. त्याचा जीव मागच्या ॲक्सलमध्ये अडकलेला.

हे वाण इथेच का रुजले, याला कारण आहे. कुलाब्याचा कापूस बाजार १९२०च्या दशकात या भरावाच्या जमिनीवर आला, गोदामे उठली, कॉटन एक्स्चेंजची इमारत उभी राहिली. पुढे कापूस गेला, नाव राहिले. शेजारी दारूखान्यात जहाजे तोडण्याचा आणि पोलादाचा धंदा, आणि गल्लीबोळांत लेथ, ड्रिल, वेल्डिंग. जिथे जहाजाचा शाफ्ट घासून मिळतो तिथे मोटारीचा बुश म्हणजे किरकोळ काम. इतर गावी न बसणारा भाग माणूस दुकानदाराला परत करतो. इथे तसे करणे म्हणजे गल्लीतल्या लेथवर अविश्वास दाखवणे.

मागची पिढी फियाटवर वाढली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी ती गाडी: १०८९ सीसीचे इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, मागे सलग ॲक्सल आणि कमानपाटे. त्या काळचा बसवून घेणारा पाट्यातले एक पान काढायचा. बूड खाली आले की गाडी ‘रेसिंगची’ झाली. मग मे महिन्यात सहा माणसे आणि दोन ट्रंका घेऊन ती कशेडी घाट चढायची, आणि येताना त्यात फणसांची भर पडली की प्रत्येक खड्ड्यात ॲक्सल वरच्या पत्र्याला जाऊन भेटायचा. जरा शिकलेला असेल तो क्राउन-पिनिअनची जोडी बदलण्याच्या गोष्टी करी. पिनिअनला ९ दाते आणि क्राउनला ४१, म्हणजे प्रमाण ४.५६. हे प्रमाण जितके चढे, तितकी गाडी सिग्नलवरून झटकन सुटते आणि वरच्या वेगाला तितक्याच लवकर दमते. लालबाग ते परळ एवढ्या अंतरात दमण्याची वेळच येत नसे, त्यामुळे त्या काळातली ही सर्वांत यशस्वी सुधारणा ठरली. या फियाटचेच पुढचे नाव पद्मिनी; मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. काढलेली पाने मात्र कित्येक पोटमाळ्यांवर अजून आहेत. ‘असू दे, लागतं कधीतरी’ या सदरात.

आजच्या नमुन्याकडे बहुधा फोक्सवागनची पोलो असते, आणि शक्यतो जीटी टीएसआय. २०२२पर्यंत चाकणला बनत होती ती. सुरुवातीच्या जीटी टीएसआयला १.२ लिटरचे टर्बो इंजिन, ताकद १०५ हॉर्सपॉवर, अंग हलके, आणि मागे ड्रम ब्रेक. ही शेवटची बाब त्याला झोपू देत नाही. तिचा मागचा ॲक्सल ट्विस्ट बीम जातीचा. दोन लांब हात आणि त्यांना जोडणारी आडवी तुळई. वळणावर एक चाक दबले की तुळई पिळली जाते आणि गाडीचे कलणे आवरते. फोक्सवागनने १९७४मध्ये सिरोको आणि गोल्फला ही रचना दिली, कारण ती स्वस्त, आटोपशीर आणि डिकीला जागा सोडणारी. यातला एकही गुण बसवून घेणाऱ्याला नको असतो. डिकीत तर त्याचा जॅक, दोन स्टँड आणि पान्यांची पेटी कायमची मुक्कामाला. तुळईच्या दोन्ही टोकांना चार-चार बोल्टांनी स्टब ॲक्सल धरलेला असतो. तो काढायचा, डिस्कचा लावायचा, की झाले. खोक्यावर ‘डायरेक्ट फिट’ छापलेलेच आहे.

वास्तविक ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे सरकतो आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढची चाके करतात. मागच्या डिस्कचा मोठा फायदा म्हणजे ती चाकाच्या आऱ्यांतून दिसते. उलट मागे जोर जास्त झाला तर मागची चाके आधी जखडतात आणि गाडी गिरकी घेते. हे सगळे बसवून घेणाऱ्याला ठाऊक असते. इतरांना तो ते आकृती काढून समजावतो, आणि मग त्याच कागदात नवे बोल्ट गुंडाळून खिशात टाकतो.

रविवारी सकाळी काम सुरू होते. स्टब ॲक्सल बसतो, पण कॅलिपरची ब्रॅकेट तुळईला टेकते. मग कानस. ब्रॅकेट मोकळी झाली की हँडब्रेकची केबल आखूड पडते. दुसऱ्या गाडीची केबल आणावी तर ती लांब, तिला धरायला क्लिप हवी, क्लिपसाठी भोक हवे, आणि भोक पाडायच्या जागी नेमका ब्रेकचा पाइप. शेवटी एबीएसच्या सेन्सरची वायर पोचत नाही आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो तो लागतोच. या काळात घरातला संवाद ठरलेला.

‘अहो, गाडी कधी मिळणार? आईंना डॉक्टरकडे न्यायचंय.’

‘आता फक्त एक बुश राहिलाय.’

आई टॅक्सीने जाऊन येतात. बुश राहिलेलाच असतो.

या व्यक्तीचा खरा कस लागतो तो लेथपुढे. डिस्क बसली की जुने चाक कॅलिपरला घासते, म्हणून मोठी अलॉय चाके येतात. अर्थात दुसऱ्याच गाडीची, कारण ती स्वस्तात मिळालेली असतात. पाच बोल्टांचे वर्तुळ १०० मिलिमीटरचे, ते जुळते. मधले भोक ५४.१ मिलिमीटर, पोलोचा हब ५७.१. म्हणजे व्यासात बरोबर ३ मिलिमीटर वाढवायचे. एवढेच सांगितले असते तर मास्टरने अर्ध्या तासात काम हातात ठेवले असते. पण बसवून घेणाऱ्याला आपण बाहेरचे वाटू नये याची फार काळजी. तो गल्लीची भाषा बोलतो. ‘मास्टर, एक सूत मारा,’ असे तो बेफिकिरीने म्हणतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. मास्टर शब्दाचा पक्का. तो चोख एक सूत मारतो. भोक हवे त्यापेक्षा ७ थाऊंनी, म्हणजे इंचाच्या सात हजारांशांनी, मोठे होते, चाक हबवर घट्ट न बसता नुसत्या बोल्टांच्या भरवशावर राहते, आणि वेग वाढला की सगळी गाडी हलू लागते. त्यावर तो शिम शोधतो. मास्टर त्याच्याकडे पाहतो, बिडी पेटवतो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचा शाफ्ट चढवतो.

बिल्डिंगमध्ये त्याला मान आहे, पण वेगळ्या कारणाने. गिरणीत फिटर असलेले तळमजल्यावरचे आजोबा रोज सकाळी दुधाची पिशवी घेऊन थांबतात आणि ‘बसलं का?’ एवढेच विचारतात. आणि भाद्रपद जवळ आला की मंडळाची मुले येतात. मूर्ती यंदा उंच, ट्रॉलीचा ॲक्सल मागच्या वर्षी वाकलेला, ‘दादा, जरा बघता का?’ तेव्हा हाच माणूस भंगारातून ट्रकचा ॲक्सल निवडतो, हौसिंगला आडवी पट्टी मारून घेतो, बेरिंगमध्ये ग्रीस भरतो आणि दोन रात्रींत काम उरकतो. ट्रॉली आगमनाला आणि विसर्जनाला सरळ चालते. या कामाचे कौतुक झाले तर तो ओशाळतो. त्यात बसवून घ्यावे असे काही नव्हतेच, सगळे आपोआप बसले.

कायद्याशी त्याचे नाते अभ्यासू आहे. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातले कलम १८२-अ नव्या रूपात आले. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. सामान्य माणूस हे वाचून घाबरतो. बसवून घेणारा हिशेबाला बसतो. डावा आणि उजवा स्टब ॲक्सल मिळून एक बदल की दोन? शिम हा बदल की दुरुस्ती? या प्रश्नांवर मित्रमंडळींत मध्यरात्रीपर्यंत ऊहापोह होतो. ताडदेवच्या आरटीओत जाऊन विचारायला मात्र कोणी तयार नसते.

गाडी जमिनीवर उतरली की चाचणी. त्यासाठी जागा दाराशीच आहे. शिवडीहून निघणारा अटल सेतू जानेवारी २०२४मध्ये खुला झाला, लांबी २१.८ किलोमीटर, मोटारींना कमाल वेग १०० आणि एका फेरीला टोल २५० रुपये. ज्या ॲक्सलवर वळणे घेण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याची परीक्षा मुंबईच्या सर्वांत सरळ रस्त्यांपैकी एकावर होते. हवा जोराची असते, पिवळा दिवा जळत असतो, ऐंशीला स्टिअरिंग थरथरते. परतल्यावर तो मित्रांना सांगतो की मागची बाजू आता ‘बोलते’.

दोन-तीन वर्षांनी गाडी विकायची वेळ येते, कारण कुठेतरी दुसरी दिसलेली असते. गिऱ्हाईक समंजस असले तर अट घालते: सगळे कंपनीचे पाहिजे. मग माळ्यावरून खोकी उतरतात, वर्तमानपत्रात बांधलेले जुने स्टब ॲक्सल निघतात. तुळईचा चेहरा दरम्यान दोनदा कानशीने घासलेला, बोल्टांची भोके एका बाजूला थोडी लांबट झालेली; मूळचा भाग मूळच्या जागी टेकत नाही. तो घेऊन बसवून घेणारा गल्लीत जातो. मास्टर भाग हातात घेतो, उलटापालटा करतो, त्यावरचा कंपनीचा शिक्का अंगठ्याने पुसून पाहतो.

‘ओरिजिनल आहे? मग नाही बसणार, साहेब. ठेवून जा.’