विमानस्थ बालरंजन : वरठी संप्रदायाची मीमांसा

दीड-दोन वर्षांच्या लेकराला १६ तास एका खुर्चीत रमवावं कसं, या विषयावर आपल्याकडे एकही प्रमाणग्रंथ नाही. धर्मशास्त्रानं समुद्रपर्यटन निषिद्ध ठरवलं, त्याचं प्रायश्चित्तही सांगून ठेवलं. पण मांडीवर लेकरू घेऊन समुद्र ओलांडणाऱ्या आईचं प्रायश्चित्त वाटेतच फिटतं, हे काही कोण्या शास्त्रकारानं नोंदवलं नाही. शास्त्रकार बहुधा एकटेच फिरत असावेत. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत प्रबंध.

आधी व्याख्या. ज्याला चालता येतं म्हणून जो मांडीवर टिकत नाही, आणि ज्याला दोन वर्षं पुरी झाली नाहीत म्हणून ज्याला स्वतःची खुर्ची नाही, तो विमानस्थ बाल. विमान कंपन्या दोन वर्षांखालच्या लेकराला मांडीवरचा प्रवासी मानतात. पुढच्या भिंतीला अडकवायचा पाळणाही काही जागांपाशी मिळतो, पण त्याची वजनमर्यादा बऱ्याच ठिकाणी १०-११ किलोच्या आसपास असते. म्हणजे जे लेकरू जिथे ठेवाल तिथे निपचित पडतं त्याला पाळणा, आणि ज्याला खरोखर बांधून ठेवायची गरज आहे त्याला आईचे दोन हात.

संशोधनासाठी वरठीच का, असा आक्षेप येईल. वरठी हे मोहाडी तालुक्यातलं गाव. मुंबई-हावडा लोहमार्गावरचं ‘भंडारा रोड’ नावाचं स्टेशन प्रत्यक्षात इथे आहे. ज्या भंडाऱ्याचं नाव पाटीवर आहे ते दहा-बारा किलोमीटर लांब. हा लोहमार्ग १८८० च्या दशकाच्या आरंभी छोट्या गेजचा म्हणून आला आणि पुढे बंगाल-नागपूर रेल्वेनं तो रुंद केला. तेव्हापासून वरठीचं लेकरू रांगायला लागण्याआधी रेल्वेचा आवाज ओळखतं. कोळशाच्या मालगाडीला ५८-५९ डबे असतात. ती फाटकावरून जाईपर्यंत कडेवरचं लेकरू रडायचं विसरतं, हे इथल्या कोणत्याही आजीला ठाऊक आहे. बालरंजनाचं असं फुकट विद्यापीठ दारात असलेल्या गावातली घरं आता नागपूर-दोहा-डॅलस असा प्रवास करू लागली. तेव्हा जुनी विद्या नव्या वाहनात चालते का, हा प्रश्न इथेच उपस्थित व्हायचा.

आता पूर्वपक्ष. या क्षेत्रात काही मतं रूढ आहेत. त्यांतलं सर्वांत बलाढ्य मोबाइलवाद्यांचं. लेकरासमोर पडदा धरा, बाकी सगळं आपोआप होतं, असा त्यांचा सिद्धान्त. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं, की वर्षाच्या लेकराला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. दोह्याहून डॅलसला सोळाएक तास लागतात. उरलेल्या पंधरा तासांचं काय करावं, याविषयी संघटना गप्प आहे. अर्थात मोबाइलवादाचं खंडन करायला संघटनेची गरजच पडत नाही. चार्जिंग संपलं की तो आपोआप खंडित होतो.

निद्रावाद्यांचं मत त्याहून घातक. ‘सर्दीचं औषध पाजा, लेकरू झोपतं’ असं हे लोक कानात सांगतात, मोठ्यानं कधीच नाही. त्यातली काही औषधं काही लेकरांना झोपवण्याऐवजी उलट चेकाळवतात, आणि डॉक्टर प्रवासासाठी ती द्यायला मना करतात. अशा लेकराला सांभाळण्यापेक्षा मूळचं लेकरू बरं. हा पक्ष इथेच सोडू.

खेळणीवाद्यांबद्दल मात्र थोडं थांबायला हवं, कारण त्यांच्या बाजूला मोठी माणसं आहेत. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शंख, शिंपले, खडे, बिया यांवर बालवाडी चालवून दाखवली. दुकानातल्या खेळण्यांवाचून काही अडलं नाही. या न्यायानं विमानात उपलब्ध साहित्य असं : कागदी पेला, प्लास्टिकचा चमचा, सुरक्षेच्या सूचनांचं चित्रपत्रक आणि ओकारीची कागदी पिशवी. पिशवी उलटी करून हात घातला की बाहुली होते. चमच्याचं मात्र वेगळं आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यानं आपल्या स्वतःच्या तीन मुलांवर निरीक्षणं केली आणि १९३६ मध्ये ग्रंथ लिहिला. त्याचा दहा-अकरा महिन्यांचा मुलगा लोराँ वस्तू हातातून सोडायचा, हाताची जागा बदलून पुन्हा सोडायचा, आणि ती कुठे पडते ते बघायचा. पियाजेला त्यात बुद्धीचा उगम दिसला. प्रत्येक वेळी वाकून वस्तू उचलणाऱ्याच्या कमरेचं काय होतं, हा आमचा विषय. स्वस्त वर्गात पुढच्या आणि मागच्या खुर्चीत जेमतेम ३०-३२ इंच अंतर. लेकरू मांडीवर असताना त्यात वाकता येत नाही. म्हणून विमानात प्रयोग एकदाच होतो. चमचा गेला तो गेला, आणि वैज्ञानिक भोकाड पसरतो.

या सगळ्या मतांत एक समान दोष आहे. लेकराला *वस्तू* हवी, असं सगळे गृहीत धरतात. वरठी संप्रदायाला हे मान्य नाही.

इथे दृष्टान्त महाराष्ट्र एक्स्प्रेसचा. गोंदियाहून निघून ही गाडी राज्याबाहेर पाऊल न टाकता कोल्हापूरला जाते : तेराशेहून जास्त किलोमीटर, सुमारे २८ तास. डॅलसच्या विमानापेक्षा बारा तास जास्त. तरीही भंडारा रोडला लेकरू घेऊन चढणाऱ्या बाईच्या पिशवीत खेळणं असतंच असं नाही. मुरमुरे असतात, पाण्याची बाटली असते, फार तर भंडाऱ्याची एखादी पितळी वाटी. आणि लेकरू कोल्हापूरपर्यंत जातं.

कारण डब्याची रचना. स्लीपरच्या एका खणात तीन माणसं इकडे, तीन तिकडे, तोंडं एकमेकांकडे. बाजूच्या बाकावर आणखी दोन. मध्ये उभ्या असलेल्या लेकराला एकाच वेळी आठ चेहरे मिळतात. त्यातले निदान दोन तरी आजीचे असतात. गाडी तुमसर-नागपूरच्या माणसांची असेल तर वर्धा येईपर्यंत हे लेकरू कोणाचं, हे तिकीट तपासनिसालाही सांगता येत नाही. “बाप्पा, हे पोट्टं काऊन रडून रायलं? द्या मायाकडं,” असं म्हणून बाई लेकरू उचलते, आई तेवढ्यात डबा उघडून दोन घास खाते. कोणी ओळख विचारत नाही. ओळख नंतर निघते, आणि बहुधा निघतेच.

विमानात तीनशे माणसं असतात आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. लेकराला चेहरा एकही दिसत नाही, दिसतो तो पुढच्या खुर्चीचा पाठीमागचा भाग. म्हणून ते लाथ मारतं. त्याला उद्धटपणा म्हणणारे लोक आहेत. आमच्या मते पलीकडे माणूस आहे याची त्याला शंका असते आणि ते फक्त खात्री करून घेतं. याला बळकट पुरावा असा, की विमानातलं कोणतंही लेकरू पहिल्या तासातच आईच्या मांडीवर उभं राहून मागे वळतं. मागच्या रांगेत त्याला अखेर चेहरे सापडतात. त्यातला एक तोंड लपवून “कूऽऽक” करतो, आणि जे पंधरा हजारांचं खेळणं करू शकलं नाही ते काम एका अनोळखी माणसाचे दोन तळहात करतात. तो माणूस नंतर झोपेचं सोंग घेतो. त्याला दोष देता येत नाही.

तेव्हा उत्तरपक्ष असा : विमानस्थ बालरंजन हा खेळण्यांचा प्रश्न नाही, बसण्याच्या दिशेचा आहे. यावरचा व्यावहारिक तोडगा कोण्या बालमानसतज्ज्ञानं काढलेला नाही. सुनेच्या सोबतीला म्हणून गेलेल्या वरठीच्या आजीनं काढला. तिनं विमानात फिरून पाहिलं, की माणसं समोरासमोर उभी असलेली एकच जागा आहे : शौचालयाची रांग. तिथे मागे, चहा-पाण्याच्या ओट्याजवळ, लोक पाय मोकळे करायला येतात, कंटाळलेले असतात, आणि हातांना काम नसतं. आजी लेकरू घेऊन तिथे उभी राहिली. तिच्या पिशवीत तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी होता, चाकांचा. तो जमिनीवर ठेवल्याबरोबर रांगेतले दोघे खाली वाकले. एक केरळचा, एक बहुधा मेक्सिकोचा. आजीला दोघांची भाषा येत नव्हती, त्यांना आजीची नाही. नंदीला पुढे ढकलायचं की मागे, यावर मात्र तिघांचं एकमत झालं. हवाईसुंदरीनं दोनदा जागेवर जायला सांगितलं. “जातो ना माय,” आजी म्हणाली, आणि गेली नाही.

उतरतानाचा रडण्याचा प्रकार या सिद्धान्तात बसत नाही, हे कबूल. तिथे चेहरे काही कामाचे नाहीत. केबिनमधला दाब वाढतो, लहान मुलांच्या कानातून घशाकडे जाणारी नळी अरुंद आणि आडवी असल्यानं तो लवकर समतोल होत नाही, आणि कान दुखतो. गिळल्यानं नळी उघडते. म्हणून दूध, पाणी, काहीही, पण विमान खाली यायला लागल्यापासून. आजीनं वाटी-चमचा काढला. तिचं याबाबतचं स्पष्टीकरण वेगळं होतं, उपाय तोच.

एक प्रश्न मात्र मीमांसकांनी अजून सोडवलेला नाही. अमेरिकेत असतानाच लेकराला दोन वर्षं पुरी झाली, तर परतीच्या विमानात त्याला पूर्ण जागा काढावी लागते. ती काढली जाते, पैसे भरले जातात. लेकरू पहिल्या मिनिटाला त्या खुर्चीतून उतरतं आणि आजीच्या मांडीवर जातं. खिडकीजवळच्या त्या जागेवर मग नंदी बसतो, आणि हवाईसुंदरी त्याचाही पट्टा तपासून जाते.