चोपदाराचा फेरफार

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आणि आमची मोटार ही दोन्ही १९६६ सालची अपत्ये. पहिल्याच्या कलमांत माझी छत्तीस वर्षांची चाकरी गेली आणि दुसरीच्या चाकांवर, १९८४ साली एका वृद्ध डॉक्टरांकडून ती विकत घेतल्यापासून, माझा संसार गेला. त्यामुळे उतारवयात एके दिवशी माझ्या भाच्याने, "मामा, आपण गाडी मॉडिफाय करू या," असा प्रस्ताव समोर मांडला तेव्हा माझ्या मनात जो शब्द उमटला तो मोटारविद्येतला नव्हता, तलाठ्याच्या दप्तरातला होता: फेरफार.

ज्यांचा महसूल खात्याशी संबंध केवळ सातबारा काढण्यापुरता आला असेल अशा भाग्यवंतांसाठी सांगतो, की जमिनीच्या हक्कात काहीही बदल झाला की गाव नमुना सहामध्ये त्याची नोंद धरतात, हितसंबंधितांना नोटिसा बजावतात, हरकतींसाठी पंधरा दिवस थांबतात, हरकत आलीच तर ती सहा-अ मध्ये चढवतात, आणि मंडल अधिकाऱ्याने प्रमाणित केल्याखेरीज तो फेरफार अमलात येत नाही. आमच्या प्रकरणी हितसंबंधित असामी एकच, आणि तिची हरकत पंधरा निमिषांच्या आत तोंडी दाखल झाली.

"अहो, चालतंय ते बिघडवायचं कशाला?"

हरकत साधार होती. आमची गाडी स्टँडर्ड हेरल्ड. मद्रासेत बांधलेली, दोन दारांची, ९४८ घनसेंटिमीटर इंजिनाची. हेरल्ड या इंग्रजी शब्दाचा अर्थ चोपदार, राजाच्या स्वारीपुढे ललकारी देत चालणारा, असा एका शिक्षकमित्राने सांगितल्यापासून घरात तिचे नाव चोपदारच पडले. डॉक्टरांनी ती मला जवळजवळ स्कूटरच्या भावात दिली होती, हे मी त्या काळी कचेरीतल्या प्रत्येक माणसाला न विचारता सांगत असे, कारण कारकुनाच्या दारात मोटार दिसली की लोकांच्या मनात जे विचार येतात ते मोटारीसंबंधी नसतात. तिच्या अंतरमापकाला पाचच घरे. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवच्या पुढे सगळी शून्ये होतात आणि गाडीला पुन्हा बालपण येते. असे बालपण तिला माझ्या हाताखाली तीनदा आले. एवढ्या प्रवासात ती रस्त्यात उभी राहिली दोनदा, आणि दोन्ही खेपांना टाकीत पेट्रोल नव्हते. तो दोष टाकीचा नव्हे.

पण भाचा संगणकाच्या कंपनीत आहे आणि त्याने पुराव्याची बाजू चोख तयार केली होती. "मामा, ही साधी गाडी नाहीच मुळी," तो म्हणाला. तुरीन शहराच्या जोव्हानी मिकेलोत्ती याने हिचे रूप रेखाटले. १९५९ साली विलायतेत ही जन्मली तेव्हा हिच्या जोडीला हिचीच एक कूपे भगिनी होती, आखूड छपराची, जुळ्या कार्ब्युरेटरांची. आणि हिचाच सांगाडा थोडा आखडून त्यावर १९६२ साली ट्रायंफ स्पिटफायर नावाची अस्सल स्पोर्ट्स गाडी उभी राहिली. तात्पर्य, वंशावळीने पाहता आमचा चोपदार हा राजघराण्यातला असून केवळ एका कार्ब्युरेटरच्या अभावी त्याला वारसाहक्कापासून वंचित ठेवण्यात आले आहे. उभ्या हयातीत मी वारसनोंदीची शेकडो प्रकरणे हाताळली. इतके हृदयद्रावक एकही नव्हते. मी विरघळलो.

दोन महिन्यांत चोपदाराच्या अंगावर चार फेरफार पडले. कार्ब्युरेटर जुळे झाले. रुंद टायर आले, इतके रुंद की चाके मडगार्डातून डोकावून रस्त्यावरची वर्दळ पाहू लागली. बॉनेटपासून डिकीपर्यंत तांबडा पट्टा आला, त्याविषयी मी काही लिहीत नाही. आणि चौथा, भाच्याच्या मते चोपदार या पदाला सर्वथैव अनुरूप असा, तीन कर्ण्यांचा भोंगा आला, जो एकदा दाबला असता एका हिंदी चित्रपटगीताचे धृपद संपूर्ण म्हणून मगच थांबे. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ मला पाठ आहे. कारखान्याने नमूद केलेल्या स्वरूपात मालकाने परस्पर बदल करू नये असा त्याचा आशय. शिवाय २०२१ सालापासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून मानाची नोंदणी मिळते, परंतु गाडी मूळ रूपात असेल तरच. म्हणजे ज्या सन्मानाला चोपदार निव्वळ म्हातारपणामुळे पात्र झाला होता तो आम्ही त्याला तरुण करण्याच्या खटाटोपात घालवून बसलो. ही कैफियत मी भाच्यापुढे मांडली तेव्हा तो म्हणाला, "मामा, पट्टा स्टिकरचा आहे, निघतो."

नव्या अवतारातली पहिली वारी पालीच्या बल्लाळेश्वराची, आणि तीही संकष्टीला, असा निर्णय सौभाग्यवतींनी दिला. पालीवर आमचा जुना जीव. सुधागड तालुक्याचे हे ठाणे, सरसगडाच्या पायथ्याशी वसलेले, एके काळी भोर संस्थानच्या अमलातले. तिथल्या तहसील कचेरीत मी अव्वल कारकून होतो, आणि कचेरीच्या आवारातल्या वडाला ही गाडी एका दमात वळसा घालीत असे. ही फुशारकी नव्हे. पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळणे हा हेरल्डचा जन्मजात गुण आहे. जिथे जीपला दोनदा मागेपुढे करावे लागे तिथे चोपदार मुजरा केल्यासारखा वळून उभा राही.

पहाटे पाचला पुणे सोडले. मागच्या बाकावर भाचा, त्याच्या मांडीवर हत्यारांची पेटी. पुढे माझ्या शेजारी मामी, त्यांच्या मांडीवर खिचडीचा डबा. लोणावळ्यापर्यंत गाडी अशी पळाली की मला स्वतःच्या वयाविषयी शंका आली. मात्र बोरघाट उतरायला लागलो आणि ऍक्सिलरेटरवरचा पाय काढला, तोच मागून धाड असा आवाज झाला. मग आणखी एक. मग लागोपाठ तीन.

"टायर?" मी विचारले.

"नाही मामा, बॅकफायर. रेसिंगच्या गाड्या असाच आवाज करतात," भाच्याने समाधानाने सांगितले.

दोन कार्ब्युरेटरांचे आपापसांत पटत नव्हते. एक गरजेहून अधिक पेट्रोल पाजत होता आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन आपले अंत्यसंस्कार उरकत होते. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंगरोबाचे देऊळ जुन्या रस्त्याला आहे आणि येणारे जाणारे वाहनचालक तिथे नाणे टाकतात. आम्ही नाणे टाकण्याआधीच पाच बार दिले. देवळापाशी टेकलेल्या एका ट्रकड्रायव्हरने दोन्ही हात वर केले. ते आशीर्वादासाठी की शरणागतीसाठी, हे त्या वेगात कळले नाही.

खोपोलीला चहा घेतला, मामींनी डबा उघडला, आणि तिथून पालीची वाट धरली. या रस्त्यावर जांभूळपाडा लागते. जुलै १९८९ मध्ये अंबा नदी या गावावर जी चालून आली तिचे पंचनामे करणाऱ्यांत मी होतो. चिखलाने भिजलेली बाडे सुकवायला जागा नव्हती म्हणून ती याच गाडीच्या मागच्या बाकावर, आता जिथे भाचा बसला होता तिथे, पसरून मी पालीला नेली होती. त्या दिवसांत चोपदाराने एकदाही कुरकुर केली नाही. गाव ओलांडीपर्यंत आम्ही तिघेही बोललो नाही. चोपदारही, चढ असल्यामुळे असेल, गप्प होता.

पालीत शिरलो ते गर्दीत. संकष्टीला देवळाकडच्या गल्लीत दोन्ही अंगांना पोह्याच्या पापडांची, कोकमाची, हारांची दुकाने, मधून भाविकांचा ओघ, आणि त्यातून वाट काढीत येणारी पर्यटकांची एक बस. बसला जागा द्यावी म्हणून मी पूर्ववत, वडाला घालायचो त्या आत्मविश्वासाने, स्टेअरिंग पूर्ण डावीकडे फिरवले. पंचवीस फुटांचे वर्तुळ आता कोणत्या सज्जेत गेले होते कोण जाणे. रुंद टायर मडगार्डाच्या आतल्या अंगाला घासला, खसकन काहीतरी कापल्यासारखा आवाज आला, आणि भोंगा सुरू झाला.

भाच्याने भोंग्याची वायर मडगार्डाच्या आतून, दिसू नये अशी सुबक, नेली होती. टायरने ती सोलली आणि तार थेट लोखंडाला टेकली. आता बटणाला कोणी विचारीत नव्हते. धृपद संपे, अर्धे निमिष शांतता होई, तेवढ्यात मनुष्याला वाटे संपले, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून.

"बॅटरीची तार काढ!" मी ओरडलो.

इथे हेरल्डचे एक रचनावैशिष्ट्य नमूद करणे भाग आहे. इतर गाड्यांचे केवळ बॉनेट उघडते; हिचे मडगार्ड, दिवे, नाक, तोंड असे अख्खे मुखमंडल बाजूंच्या दोन खिट्ट्या सोडल्या की पुढच्या बाजूस कलंडते. दुरुस्तीला यासारखी सोय नाही, फक्त गाडीच्या पुढे तेवढी मोकळी जागा लागते. आणि आमच्या पुढे, हातभर अंतरावर, पापडांच्या दुकानाची फळी होती. म्हणजे तोंड बंद करायचे तर तोंड उघडले पाहिजे, तोंड उघडायचे तर गाडी मागे घेतली पाहिजे, आणि मागे पर्यटकांची बस. दुकानदारीणबाईंनी परिस्थितीचा मुलाहिजा करून पापडांची चळत आत ओढली, दोन फूट जागा मिळाली. बसच्या क्लीनरने बस दोन फूट मागे घेतली. आणि तेवढा वेळ ते गीत, सुमारे चौदा आवर्तने, बल्लाळेश्वराच्या सीमेत निनादत राहिले. गर्दीतल्या एका आजींनी भक्तिभावाने टाळ्यांचा ठेकाही धरला होता. अखेर मुखमंडल उघडले, भाच्याने तार उपटली. एक पोरगा वाकून पाहत म्हणाला, "आई, गाडीचा जबडा निखळला."

सौभाग्यवती खाली उतरल्या, पदर सावरला, आणि मला "मी दर्शन घेऊन येते" एवढेच सांगून निघून गेल्या. हरकतदाराने निकालाच्या दिवशी कसे वागावे याचा तो वस्तुपाठ होता.

गाडी ढकलत एका मोकळ्या कोपऱ्यात लावून मीही गेलो. प्रघाताप्रमाणे आधी मागच्या धुंडिविनायकाला हात जोडले, मग बल्लाळेश्वराला. वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी वाहिलेली म्हणून सांगतात ती घंटा तिथे आहे. पोर्तुगिजांची घंटा, मराठ्यांच्या देवाला, मूळ रचनेत इतका मोठा बदल, आणि तरीही आजवर ती कोणी वाजवल्यावाचून वाजलेली नाही. देऊळही आधी लाकडी होते. नाना फडणिसांच्या काळात ते दगडी झाले, चिऱ्यांच्या सांध्यांत शिसे ओतून. फडणीस म्हणजे अखेर दप्तराचाच माणूस. त्यांनी केलेला फेरफार टिकला, मी केलेला गल्लीच्या तोंडाशी उलटला. दोघांनी माणसे कोणती नेमली यावर बरेच अवलंबून असावे.

ते माणूस मला बाहेर आल्यावर भेटले. एसटी स्टँडच्या अंगाला गॅरेज असलेले मेस्त्री, आता सत्तरीचे, बातमी ऐकून स्वतःच आले होते. त्यांनी गाडीकडे पाहिले, पट्ट्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"भाऊसाहेब, ही वडाखालची ना?"

मंडल अधिकारी जागेवर हजर झाले होते. त्यांनी भोंगा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि भाच्याच्या हाती ठेवला: नामंजूर. टायरवर टाच आपटली. "हे दुसऱ्या गाडीचे जोडे हायत. पुण्याला गेलात की काढा, तोवर वळण बेतानं घ्या." नामंजूर. मग ते जुळ्या कार्ब्युरेटरांपाशी आले, आणि त्यांची मुद्रा पालटली.

खिशातून त्यांनी हातभर लांबीची रबरी नळी काढली. तिचे एक टोक कानाला लावले, दुसरे पहिल्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरले, डोळे मिटले. इंजिन संथ चालू होते. मग टोक दुसऱ्यापाशी नेले. पुन्हा पहिल्यापाशी. तंबोरा जुळवणाऱ्याने खुंटी पिळावी तसा पेचकसाने एक स्क्रू पाव फेरा पिळला, ऐकले. अर्धा पाव, ऐकले. "हा फुस्स करतो, तो हिस्स करतो," ते भाच्याला म्हणाले, "दोघांनी हिस्सच केलं पायजे." भाच्याने मोबाइलमध्ये त्यासाठीचे काही यंत्र असल्याचे सांगितले, तेव्हा मेस्त्रींनी नळी काढून त्याच्या कानाला लावली. भाचा बराच वेळ ऐकत राहिला. मग त्याने मोबाइल खिशात घातला.

वीसेक मिनिटांत इंजिनाचा आवाज एकजीव झाला. चोपदार इतका मृदू बोलू लागला की मी मेस्त्रींकडे पाहिले. "हे राहू द्या," ते म्हणाले. "चांगलं काम हाय. फक्त लावणाऱ्याला ऐकू येत नव्हतं." पैसे घ्यायला ते तयार होईनात, शेवटी पापड घेतल्यासारखे करून मी ते दुकानदारीणबाईंकडे ठेवले, आणि पापडही घ्यावे लागले.

दुपारभर ओळखीच्या घरी टेकून परतीला निघालो तेव्हा सांज उलटली होती. मामी सबंध वेळ माझ्याशी मोजके बोलत होत्या. खोपोली मागे टाकून घाट चढू लागलो. भाचा पेटीवर डोके ठेवून झोपलेला, भोंगा त्याच्या पायाशी मुका. पुढे एक नवी कोरी पांढरी गाडी चढत होती, मी शिस्तीत तिच्या मागे. मामींनी पिशवीतून दिनदर्शिका काढली, समोरच्या दिव्याच्या उजेडात डोळे बारीक करून पाहिली, मग मनगटावरचे घड्याळ पाहिले.

"अहो, चंद्रोदय नऊ अठ्ठावीसचा आहे. मोदक घरी झाकून ठेवलेत."

"पोचू की."

"असे पोचायचो नाही." त्यांनी दिनदर्शिका मिटली. "ते दुसरं लावलंय ना त्याने, ते पण वापरा जरा."

मी पाय दाबला.