एक टक्का कमी पडला

गुडघाभर चिखल तुडवत साहेब पंचनाम्याला आले. बांधावरूनच सोयाबीनकडे पाहिलं आणि निकाल लावला: नुकसान ३२ टक्के. सरकारी मदतीला ३३ लागतात. शेत नापास!

कुरकुर कसली करता? दहावीला ३५ लागतात. इथे दोन मार्कांची सवलतच आहे की. २०१५ पर्यंत तर ५० टक्के लागायचे. निम्मं पीक गेलं तरच काहीतरी गेलं, असं धरायचे.

फक्त दहावीला उत्तरपत्रिका असते, फेरतपासणी असते. इथे तो एक टक्का कुठे सांडला, हे विचारायची सोय नाही. शेंगा मोजल्या? झाडं मोजली? पाण्याखालचा कोपरा धरला, की दिसला नाही म्हणून सोडला? बरं, खेळाडूंना दहावीला वाढीव गुण मिळतात. मग स्वतःच्या वावरात पोहत गेलेल्याला एखादा टक्का द्यायला काय हरकत आहे? घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याने रेघ ओढली, तिचे चित्रकलेचे गुण धरा. नाहीतर तालुक्याला क्लास तरी काढा, 'नुकसान ३३च्या वर, खात्रीशीर!' आज शेतकरी देवापुढे हात जोडून मागतोय काय, तर आणखी एक टक्का कुजू दे रे बाबा.

आणि पास झाल्याचं बक्षीस? २०२२च्या निकषांत जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे गुंठ्याला साधारण ८५. तेही दोन हेक्टरपर्यंतच. तिसऱ्या हेक्टरवर पडला तो पाऊस बहुधा खासगी असावा.

बियाणं, खत, फवारणी, मजुरी यांचे पैसे मात्र शंभर टक्के मोजावे लागतात. कृषी सेवा केंद्रवाला ३२ टक्के उधारी सोडत नाही, सावकार तर नाहीच नाही. पहिली पोती खर्च फेडण्यात जातात. घरात काही उरायचं ते शेवटच्या पोत्यांतून. ३२ टक्के गेले म्हणजे नेमकी तीच गेली. पोरीची फी गेली, पुढच्या पेरणीचं बियाणं गेलं. आयुष्यात एक हंगाम पेरला असता तर हे कळायला समिती नेमावी लागली नसती! ज्यांनी हा आकडा ठरवला, त्यांच्या पगारातून वर्षभर ३२ टक्के कापा. तक्रारीचा अर्ज आला, की त्यावर शेरा मारा: 'निकषात बसत नाही.'