दुकान गेल्याचं सुतक

ऐकलंत का? आमच्या धाकट्या भाऊजींनी परवा मांजरसुंब्याच्या फाट्यावर भर दुपारी डोळे पुसले! मला वाटलं, कुणी गेलं-बिलं की काय. तर गेलं होतं दुकान. तेही पंचवीस वर्षांपूर्वी.

पुण्याहून आले होते. रबडीसाठी गाडी थांबवली. धुळे-सोलापूर रस्ता चौपदरी झाला, गाड्या सुसाट निघाल्या, तरी रबडीपाशी चाक अडतंच. पण भाऊजींनी वाटी तशीच ठेवली. "वहिनी, इथंच होतं हो ते! गोळ्यांच्या बरण्या, रॉकेलचं टिपाड, पोत्यावर झोपलेलं मांजर!" तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. भाऊजींनी त्या कव्हरांचाच फोटो काढून ग्रुपवर टाकला, वर 'हरवलेलं वैभव'. तासाभरात निम्म्या खानदानानं हात जोडले.

साथच आलीये म्हणा ना. आमच्या ग्रुपवर रोज एक दुकान मरतं. मुंबईचा भाचा काळ्या घोड्याच्या 'रिदम हाउस'साठी हुंदके देतो. ते 2016 मध्ये बंद झालं, खरंय; पण ह्या पठ्ठ्यानं जन्मभर गाणी फुकटच उतरवून घेतली, एक कॅसेट विकत घेतली असेल तर शपथ! लंडनची चुलतबहीण त्याच्याही वरताण. ती 'वूलवर्थ्स'चं तेरावं घालते. 1909 साली लिव्हरपूलला उघडलेलं ते दुकान जानेवारी 2009 मध्ये कायमचं बंद झालं. आणि बाई लग्न होऊन तिकडे गेल्या 2011 ला! न पाहिलेल्या सासऱ्यासाठी गळा काढावा, तसं. मी तरी काय बोलू म्हणा, परवाची पैठणी मीही फोनवरूनच मागवली.

ते किराणा दुकान मात्र मला आठवतं. आढ्याला दोऱ्याचं रीळ टांगलेलं. शेटजी कागदाचा कोन वळायचे, साखर ओतायचे आणि न बघता वरून दोरा ओढून पुडी आवळायचे. पुडी सोडली की आम्ही आधी कागद वाचायचो; बातमीचा शेवट दुसऱ्या पुडीत गेलेला असायचा. अर्धं गाव उधारीवर. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या. मुकादमाची उचल हातात पडली की मागचं खातं फिटायचं, टोळी परतली की पुन्हा नवं पान.

आता खरी गंमत ऐका, पण माझं नाव सांगू नका. कव्हरांच्या मागे, नातवाच्या दुकानात शेटजी बसलेले! भाऊजी धावले, पाया पडले, पुन्हा डोळे पुसले. म्हातारबुवांनी चष्मा चढवला, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "शेवटचं पान तुमचंच ना?" नातवानं फळीवरून लाल वही काढली. गोडेतेल, चहापत्ती, लिमलेटच्या गोळ्या. अठ्ठावीस रुपये साठ पैसे.

भाऊजींचा चेहरा असा झाला, की रबडीवाल्यानं झारा हलवायचं थांबवलं.

खिशात सुटे नव्हते. मग काय, फोन काढला, चौकोनी चित्रापुढे धरला. आणि काउंटरवरच्या त्या मेल्या डबीनं अख्ख्या फाट्याला ऐकू जाईल असं पुकारलं, "अठ्ठावीस रुपये साठ पैसे प्राप्त झाले!"

ह्याचा फोटो काही अजून ग्रुपवर आलेला नाही.