एक ट्रंक, तीन खाटा, एक सॉकेट

हॉस्टेलला निघालेल्या मुलाचं सामान तो मुलगा सोडून बाकी सगळे भरतात. आई खाण्याचं भरते, वडील टिकाऊ भरतात, आजी औषधं भरते आणि ज्यांचा मुलगा कधीकाळी हॉस्टेलला होता ते शेजारचे काका सल्ले भरतात. मुलानं शेवटी फक्त ट्रंकेवर बसायचं, कारण त्याशिवाय कडी लागत नाही. 1993 साली बार्शीहून पुण्याला इंजिनिअरिंगला निघताना माझ्याकडे एवढंच काम होतं. पण तेव्हा माझं वजन 42 किलो. कडी काही लागेना. शेवटी मामा बसला.

ट्रंक अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मुद्दाम करवून घेतली होती. जाड पत्रा, आतून रंग, बाहेरून रंग आणि झाकणावर पेंटरकडून ऑइलपेंटमध्ये माझं पूर्ण नाव. त्याखाली ‘प्रथम वर्ष’. हे वर्ष कधीतरी संपेल, याचा विचार अण्णांनी केला नव्हता. पेंटरचे पैसे मात्र आधीच दिले होते. पुढची सगळी वर्षं ती पाटी तशीच राहिली. नवी पोरं मला त्यांच्यातलाच समजायची आणि माझ्या केट्या बघता त्यांना दोषही देता यायचा नाही.

बार्शीची रेल्वे तेव्हा अडीच फुटी नॅरोगेज होती आणि कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागे. ही ट्रंक घेऊन ते जमणार नव्हतं, म्हणून एसटी. ट्रंक टपावर, मी खिडकीशी. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, प्रत्येक थांब्यावर खाली उतरून टपाकडे बघायचं, असं अण्णांनी बजावलेलं. वास्तविक ती चोरायला चार माणसं लागली असती आणि त्या चौघांनाही पुढं पस्तावा झाला असता. स्वारगेटला हमालानं ती डोक्यावर घेतली, दोन पावलं चालला, खाली ठेवली आणि ठरलेल्या पैशांवर पुन्हा बोलणी सुरू केली.

खोली दहा बाय बाराची. तीन लोखंडी खाटा, तीन टेबलं, एक ट्यूब, एक सॉकेट. खाटेखाली जागा अकरा इंच, ट्रंकेची उंची चौदा इंच. हॉस्टेलच्या मागं अर्धवट बांधलेली एक भिंत होती, तिच्या आठ विटा आम्ही रात्री उचलून आणल्या आणि खाटेच्या चार पायांखाली दोन-दोन ठेवल्या. ट्रंक आत गेली. खाट मात्र इतकी उंच झाली की बसलं की पाय लोंबकळत आणि कूस बदलली की आठपैकी एखादी वीट करकरून आपलं मत मांडे. खाली जमिनीवर जेवायला बसलेल्या पार्टनरांच्या डब्यात काय आहे, हे मला वर पडल्या पडल्या दिसायचं, एवढाच काय तो फायदा.

पार्टनर दोन. एक जळगावचा, एक कोल्हापूरचा. हॉस्टेलात नावं फक्त हजेरीपुरती. बाकी जळगावकर, कोल्हापूरकर आणि मी बार्शीकर. पहिल्या दिवशी तिघांनी सामान बाहेर काढलं तेव्हा दिसलं ते असं : तीन इस्त्र्या, तीन आरसे, बामच्या तीन बाटल्या आणि तीन सोलापुरी चादरी. झाडू शून्य. कुलूप शून्य. तीन जिल्ह्यांतल्या तीन आयांनी एकमेकींना न भेटता हुबेहूब एकच यादी केली होती. सोलापुरी चादरीला पुढं भौगोलिक मानांकन मिळालं म्हणतात. आमच्या खोलीत दिवाळीपर्यंत कुठली चादर कुठल्या जिल्ह्याची, हे वासावरून ओळखावं लागे.

कुलूप दुसऱ्या दिवशी वर्गणी काढून आणलं. झाडू आणला नाही. झाडू आणला तर झाडावं कोणी, हा प्रश्न उभा राहिला असता. लक्ष्मीपूजनाला घरोघरी नवी केरसुणी आणून पुजतात. आम्ही मात्र तेवढ्या सणाला हटकून गावी असायचो.

खाण्याबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही, कारण ते फार टिकलंच नाही. आईनं शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी ‘महिनाभर पुरेल’ अशा बेतानं दिली होती. तो महिना पहिल्या रात्री दीडच्या सुमारास संपला. जळगावकराची शेव आणि कोल्हापूरकराचा कांदा-लसूण मसाला यांचंही तेच झालं. मसाला नुसता कसा संपला, ते विचारू नये.

आता रॉड. पुण्याच्या थंडीत पोरानं गार पाण्यानं आंघोळ करू नये म्हणून आईच्या आग्रहावरून अण्णांनी पाणी तापवायचा 1500 वॉटचा रॉड घेतला होता. हॉस्टेलच्या नियमांत रॉड, हीटर आणि शेगडी यांना ठळक अक्षरांत बंदी होती. पण नियमांचा कागद ट्रंकेच्या तळाशी होता आणि रॉड वर होता. डिसेंबरात एका रात्री तो बाहेर निघाला. बाथरूममध्ये सॉकेट नाही, म्हणून बादली खोलीत आणली. रॉडची पिन पंधरा अँपिअरची, जाडजूड. खोलीतलं सॉकेट पाचचं, ते तिला आत घेईना. मग हॉस्टेलची जुनी विद्या कामी आली. पिन कापून टाकायची, वायरींची टोकं सोलायची आणि काडेपेटीच्या काड्यांनी ती सॉकेटात दाबून बसवायची. ही विद्या वापरूनही आज हा लेख लिहायला मी शिल्लक आहे, यात विद्येचं श्रेय काही नाही.

बारावीला फिजिक्समध्ये मला शंभरात 91 होते. त्या 91 मार्कांनी मी पार्टनरांना गणित समजावून सांगितलं : पंधरा लिटर पाणी, वीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायचं, 1500 वॉट, म्हणजे साडेसतरा मिनिटं. कोल्हापूरकरानं घड्याळ लावलं. गणित अगदी बरोबर होतं. फक्त शेजारचं गणित मी केलं नव्हतं : 1500 भागिले 230, म्हणजे साडेसहा अँपिअर. फ्यूज पाचचा. बटण दाबलं, पाण्यात दोन बुडबुडे आले आणि सबंध विंग काळीकुट्ट झाली.

दुसऱ्या दिवशी ड्रॉइंगचं सबमिशन होतं. म्हणजे त्या क्षणी विंगमधला प्रत्येक जण हातात पेन्सिल धरून बसलेला होता. काळोखात एकेक दार उघडलं आणि मेणबत्त्यांची एक मिरवणूक आमच्या खोलीकडे निघाली. काडेपेट्या मात्र कोणाकडे नव्हत्या. काड्या आमच्याकडे, सॉकेटात. रेक्टर आले, बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि रॉड घेऊन गेले. त्यांच्या कपाटात आधीच दहा-बारा रॉड ठेवलेले होते. आया सगळ्या जिल्ह्यांत असतात.

त्याच सबमिशननं मला शिकवलं की हॉस्टेलात खरी किंमत कशाला आहे. तर काचेला. अण्णांनी ट्रंकेत बार्शीच्या भगवंताची मोठी तसबीर दिली होती, ‘अभ्यासाला बसताना समोर असू दे’ म्हणून. आम्हाला हाफ इम्पिरियल शीटवर, म्हणजे साधारण बावीस बाय पंधरा इंचांच्या कागदावर, ड्रॉइंग काढावं लागे. ते स्वतः काढणं हा एक मार्ग. दुसरा मार्ग जीटी, अर्थात ग्लास ट्रेसिंग. दोन टेबलांमध्ये काच आडवी ठेवायची, खालून दिवा लावायचा, काचेवर हुशार मुलाची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट आणि मग रेषेवरून रेष. विंगमध्ये एवढी मोठी काच एकच होती आणि ती भगवंतापुढं होती. फ्यूज बसल्यावर मध्यरात्री कोल्हापूरकरानं हात जोडून क्षमा मागितली, मागचे खिळे वाकवले आणि काच काढली.

पहाटे चारपर्यंत माझी शीट तयार. इतकी हुबेहूब की सरांनी ती बराच वेळ हातात धरली. मग उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीवर बोट ठेवून विचारलं, “हे तुम्हीच का?” चौकटीत सुवाच्य अक्षरांत त्या हुशार मुलाचं नाव आणि रोल नंबर होता. झोपेत मी तेही गिरवलं होतं. अक्षराचे मार्क मिळाले, बाकीचे नाहीत.

पुढच्या महिन्यात अण्णा आले. उघड्या तसबिरीकडे बघून त्यांनी विचारलं, “काच रं?” मी म्हटलं, “फुटली.” तेव्हा ती दोन खोल्या पलीकडे कामावर होती. अण्णांनी आठवड्याभरात एसटीच्या ड्रायव्हरबरोबर नवी काच पाठवली, पहिलीपेक्षा जाड. मग दुसरी पाळीही सुरू झाली.

हॉस्टेलला न्यायच्या सामानाची मेख इथंच आहे. आपल्याला काय लागेल, याचा विचार करून बॅग भरली की ती फुकट जाते. शेजारच्याला काय लागेल, याचा विचार करावा. नेलकटर, सुईदोरा, एक्स्टेन्शन बोर्ड, चांगली कात्री यांतलं काही जवळ असलं की माणसाला विंगमध्ये मान मिळतो. वस्तू परत मिळत नाही, हा भाग वेगळा.

यंदा लेक हॉस्टेलला निघाली तेव्हा मी तिला हे सगळं सविस्तर सांगायला बसलो. खाटेखालची जागा आधी मोज, सॉकेट किती अँपिअरचं ते बघ, असं बरंच. ती म्हणाली, “बाबा, आमचा तिघींचा ग्रुप झालाय. यादी केली, वाटून घेतली. इस्त्री एकच, आरसा एकच.” तीन जिल्ह्यांतल्या तीन आयांना जे जमलं नव्हतं, ते या मुलींनी जेवता जेवता उरकलं होतं. मी विचारलं, तुझ्या वाट्याला काय आलं?

“झाडू.”

झाडणार कोण, हे त्या ग्रुपवर अजून ठरलेलं नाही. चार वर्षांत ते ठरणारही नाही, एवढं मी लिहून द्यायला तयार आहे.